आबा आणि वरची तार

आबांशी बोलताना नव्या माणसाची पहिली पंचाईत व्हायची ती ही, की आबा त्याच्याकडे पाहायचेच नाहीत. समोरचा लग्नाची तारीख सांगतोय, पाहुणे किती येतील ते सांगतोय, आणि आबा मान मागे टाकून त्याच्या डोक्यावरचं आभाळ बघतायत. काहींना वाटायचं, म्हाताऱ्याची मान धरली आहे. धुळ्याच्या एका वकीलबाईंनी तर एकदा त्यांना शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. आबांनी ती घेतली, मांडीवर ठेवली आणि बाईंच्या गॅलरीसमोरून किती तारा जातात ते मोजत राहिले.

आबा अमळनेरचे मांडववाले. मी लाइटिंगवाला. मांडव त्यांचा, माळा आणि जनरेटर माझा, अशी आमची नऊ-दहा वर्षं जोडी होती. अमळनेर, पारोळा, धुळ्यापर्यंतची खेडी, सगळीकडे आम्ही बरोबर फिरलो. उंच, काटकुळी अंगकाठी, डोक्यावर पांढरी टोपी. इतर लोकांची मान मागून रापते. आबांची पुढून रापली होती. गळ्याची घाटी पार काळी, आणि मानेची मागची बाजू चांगली गोरी.

मी त्यांच्याबरोबर काम धरलं तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून दुकानात लावलं होतं. आबा चौथी शिकलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी सर्टिफिकेट नीट वाचलं, म्हणजे फ्रेमचा खिळा भिंतीत कुठे मारलाय आणि त्याच्यामागून वायर जाते का ते पाहिलं, आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "चांगलं शे."

त्यांच्या कामावर चहाची एक रीत होती. सकाळी साइटवर पोचल्यावर अक्का, म्हणजे आबांच्या बायको, स्टोव्हवर चहा टाकायच्या. गडी रांगेत उभे राहायचे. कपबशी हातात पडायच्या आधी आबा प्रत्येकाला एकच विचारायचे.

"वर काय शे?"

"निंब शे, आबा."

"आनखी?"

"काळी वायर शे. घरमा जानारी."

"आनखी?"

"होल्यानं घरटं शे."

"घे चहा."

कुणी डोळे चोळत 'काही नही' म्हणाला तर त्याचा कप बाजूला. "काही नही असं कोठेच नही ऱ्हास," आबा म्हणायचे. मग तो बिचारा मागे जाऊन मान वर करून उभा राहायचा, आणि खरंच काहीतरी सापडायचं. एकदा एका गड्याला पतंगाचा मांजा सापडला. तो थेट विजेच्या मोठ्या लाइनीवर लोंबत होता आणि त्याचं दुसरं टोक आम्ही जिथे बल्ली पुरणार होतो तिथे आलं होतं. त्या गड्याला आबांनी दोन कप चहा दिला आणि मांडव वीस हात सरकवला. मुलीच्या बापाला अंगणाऐवजी खळ्यात लग्न लावावं लागलं. तो कुरकुरला. त्यालाही आबांनी चहाच्या आधी विचारलं, वर काय शे.

लाइनीच्या बाजूला आबा लोखंडी पाइप लावू देत नसत. तिथे वाळलेला बांबूच, आणि तोही आडवा आणायचा, उभा धरून चालायचं नाही. शिडी दोघांनी आडवी धरून न्यायची. या नादात काही कामं हातची गेली, कारण दुसरे मांडववाले 'होऊन जाईल' म्हणायचे आणि आबा 'वर देखू द्या' म्हणायचे. एका गावात एक शहाणा माणूस त्यांना म्हणाला, "आबा, पाखरं दिवसभर तारेवर बसतात. त्यांना कुठे काय होतं?"

आबा त्याच्या डोक्यावर पाहत म्हणाले, "पाखराना पाय जमीनले लागस का?"

"नाही."

"तुना लागस."

मला आयटीआयत हेच दोन तास फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं होतं.

सतत वर पाहणाऱ्या माणसाचं खाली काय होतं, हे अक्कांना विचारावं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आबा दोनदा गटारात पडले आणि एकदा कुणाच्या तरी वाळवणावर चालत गेले. तेव्हापासून अक्का त्यांच्यापुढे अर्धं पाऊल चालू लागल्या. अमळनेरच्या बाजारातून हे जोडपं जायला लागलं की पाहण्यासारखं असे. आबांची मान वर, अक्कांची खाली, आणि अक्का ओठांतल्या ओठांत म्हणत चाललेल्या, "दगड... पायरी... शेन... गटार." गटार म्हटलं की आबा खाली न बघता लांब ढांग टाकायचे. मी एकदा अक्कांना विचारलं, कंटाळा नाही येत?

"वर ते देखतस, खाले मी देखस," अक्का म्हणाल्या. "दोन्हीकडे देखनारा मानूस माले तं अजून भेटना नही."

आबा रागावलेले मी कधी पाहिले नाहीत. एखादी गोष्ट पटली नाही की ते तिच्यावर बसायचे. हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

धुळ्यात एका नव्या कॉलनीत लग्नघर होतं. तीन मजली. मालकाला हौस अशी, की त्याच्या गच्चीपासून रस्त्यापलीकडच्या भावाच्या गच्चीपर्यंत माळांची कमान हवी. मधून अकरा हजार व्होल्टची लाइन जात होती, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. मी हिशेब केला, माळ तिसऱ्या मजल्यावरून जाणार, लाइन खाली राहणार. माळेच्या टोकाला दगड बांधायचा आणि पलीकडे भिरकावायचा, झालं. गच्चीवर मी बंडल सोडून ठेवलं आणि दगड आणायला खाली गेलो. परत येतो तर आबा बंडलावर बसलेले.

"आबा, उठा ना. माळ टाकायची आहे."

"चहा पिऊ दे."

चहा आला. पिऊन झाला. आबा उठेनात. दुसरा आला. मालक येऊन गेला, त्याचा भाऊ पलीकडच्या गच्चीवरून हातवारे करत होता. मी चिडलो. म्हणालो, "मी या विषयाचं सर्टिफिकेट घेतलंय आबा. माळ वरून जाणार, तारेला लागणारसुद्धा नाही."

"दगड पलीकडे पोचना नही तं?"

दगड पलीकडे पोचला नाही तर माळ कुठे पडणार आणि तिचं दुसरं टोक कुणाच्या हातात असणार, याचा मी विचारच केला नव्हता.

मग बंडलावर बसूनच आबांनी त्यांच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली. मांडवाचा धंदा मुळात भावाचा. आबा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. एका खेड्यात चौघं मिळून लोखंडी खांब उभा करत होते. भाऊ पुढे, खांब कवेत धरलेला, बाकी तिघं मागून रेटत होते.

"चौघास्ना डोया खड्डामा," आबा म्हणाले. "खांब बराबर खड्डामा बसाले पाहिजे ना. वर कोनीच देखं नही. तारले खांब लागना बी नही भो. बोटभर लांब व्हता. तीच उनी."

ते बोटभर अंतर विजेनंच ओलांडलं. तिघं दूर फेकले गेले. आबांच्या डाव्या तळहातावर तेव्हाचा डाग अजून होता, गुळगुळीत, एक रुपयाएवढा. भाऊ जागेवर गेला.

आबांनी हे सांगितलं आणि कप खाली ठेवला. मग उठले, बंडल उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जिन्यावर लाव. जिना बी चांगला दिसस." मी जिन्यावर लावली. खरंच चांगली दिसली.

त्यानंतर मी आबांना हसलो नाही. म्हणजे हसायचो, पण निराळं.

आता त्या लग्नाकडे येतो, ज्याचा व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला आहे.

अमळनेर आणि धुळ्याच्या मधलं एक खेडं. मे महिना, दुपारचं लग्न, मांडव आमचा. चार दिवस आधी आम्ही जागा बघायला गेलो. गावाच्या तोंडाशी मारुतीचं मंदिर, तिथून रस्ता सरळ मांडवाकडे. मंदिराच्या पुढे थोड्या अंतरावर मोठी लाइन रस्ता ओलांडते. वादळात तिथला एक खांब कलला होता आणि तारा झोळीसारख्या खाली आल्या होत्या. खालून बैलगाडी जाईल, ट्रॅक्टर जाईल, त्याहून उंच काही नाही. आबांनी गावचा वायरमन गाठला. तो भला माणूस. म्हणाला, "आबा, मी कळवलंय. नवा खांब आठ दिवसांत येतो." पण लग्न चार दिवसांवर.

आबांनी मुलीच्या बापाकडून मुलाकडच्यांना निरोप पाठवला, की उंच गाडी आणू नका. शिवाय लाइनीच्या पन्नास पावलं अलीकडे रस्त्याच्या दोन बाजूंना दोन बांबू पुरले आणि मधे दोरी बांधून तिला लाल झालर लावली. झालरीखालून जी गाडी जाईल तीच तारेखालून जाईल, असा बेत.

लग्नाच्या दिवशी मुलाकडचे आले ते डीजे घेऊन. मोठा ट्रक, त्यावर भोंग्यांची भिंत, भिंतीवर लाइटांसाठी लोखंडी सांगाडा, आणि सांगाड्यावर नवरदेवाचे सहा-सात मित्र बसलेले. मिरवणूक मंदिरापासून निघाली. आमची लाल झालर त्यांना स्वागताची कमान वाटली. वरच्या पोरांनी ती काठीनं उचलली, ट्रक खालून पुढे आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी धावत ड्रायव्हरकडे गेलो आणि ओरडून सांगितलं. त्यानं कानाला हात लावून दाखवलं, की ऐकू येत नाही. वर हात करून दाखवलं, तर वरची पोरं मलाच हात करायला लागली. आबांनी कुणाच्या तरी ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली आणि रस्त्याच्या मधोमध मांडून बसले. ट्रक थांबला. नवरदेवाचे मामा फेटा सावरत पुढे आले. धिप्पाड गडी, घामानं भिजलेला. आबांनी बोटानं वर दाखवलं. मामांनी वर पाहिलंच नाही. त्यांना वाटलं, म्हातारा रुसलाय. त्यांनी खूण केली, चार जणांनी आबांना खुर्चीसकट उचललं आणि बाजूला निंबाखाली नेऊन ठेवलं. अगदी अलगद, मानानं. ट्रक पुन्हा हलला. तारेपर्यंत आता वीस-पंचवीस पावलं उरली होती.

वरची पोरं उभी राहून नाचायला लागली होती.

तेव्हा आबा खुर्चीतून उठले. टोपी काढून अक्कांच्या हातात दिली, धोतराचा सोगा खोचला, आणि ट्रकच्या पुढे जाऊन नाचायला लागले.

मी आबांना त्याआधी कधी टाळी वाजवतानाही पाहिलं नव्हतं. दहा वर्षांत शेकडो वराती आमच्या समोरून गेल्या असतील. आणि आता साठी ओलांडलेला तो माणूस दोन्ही हात पसरून, मान मागे टाकून, तारेवरची नजर न काढता नाचत होता. बाजूला लोकांचं कडं झालं. अक्का टोपी घेऊन कड्याच्या आत आल्या आणि त्यांच्याबरोबर सरकत राहिल्या. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. दगड. खड्डा. दगड. आबांनी नाचता नाचता मामांच्या कमरेला हात घातला आणि त्यांना आत ओढलं. मामा आधी लाजले, मग सुटले. तो बैलासारखा माणूस असा काही नाचला, की बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

आणि मग आबांनी मान तशीच ठेवून, ट्रकवरच्या पोरांकडे बोट केलं आणि दोन्ही हातांनी बोलावलं. या की, खाली या. म्हातारा बोलावतोय म्हटल्यावर पोरं कशाला थांबतील. एकेक करून सगळी उड्या मारून उतरली. काही नाचायला, काही मोबाइलवर शूटिंग घ्यायला. सांगाडा रिकामा झाला. ट्रकपुढे आता एवढी गर्दी होती, की ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर ताल धरला.

मी वायरमनला शोधायला पळालो. तो मांडवातच सापडला. मुहूर्तावर कुणाचाच भरवसा नव्हता, म्हणून पंगत आधीच बसवली होती, आणि वायरमन इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात पहिल्या रांगेत. पानात वरण-बट्टी. बट्टी नुकतीच कुस्करून झाली होती. मी एवढंच म्हणालो, "मंदिराजवळची तार. खाली ट्रक." तो पानावरून उठला. हात न धुता माझ्या मोटरसायकलवर मागे बसला आणि वरण लागलेल्या हातानंच सबस्टेशनला फोन लावला. अर्ध्या किलोमीटरवर लाइनीचा स्विच असलेला खांब होता. फीडर, म्हणजे तिथून या लाइनीला येणारी वीज, बंद झाल्याचं कळल्यावर त्यानं दांडा ओढून स्विच पाडला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "मी इथून हलत नाही," तो म्हणाला. "तुम्ही जा."

मी परत आलो, मंदिराच्या पाराच्या कठड्यावर चढलो आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवले. बंद झाली, बंद झाली. आबा नाचतच होते. मी पुन्हा हलवले. त्यांचं तोंड वर होतं, मला वाटलं, दिसलंच नाही. ते गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. मग आबा थांबले, आणि मटकन खाली बसले.

ते थांबले तशी गर्दी पांगली. ड्रायव्हरनं काचेतून बाहेर डोकं काढून पहिल्यांदा वर पाहिलं. तार पुढे दहा-बारा पावलांवर होती, आणि पोरं जिथे उभी होती तिथे बरोबर त्यांच्या छातीच्या उंचीला. त्यानं स्वतः हात घालून डीजे बंद केला. एकदम इतकं शांत झालं, की मांडवातल्या पंगतीतला आवाज ऐकू यायला लागला. एकेक माणूस वर पाहत गेला. नवरदेवानंही घोड्यावरून पाहिलं. मामा बराच वेळ मान वर करून उभे होते. मग त्यांनी पाणी मागवलं. तांब्या आला तो आधी आबांच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी मातीत बसले. म्हणाले, "माले वाटनं, तुमी रुसनात."

"रुसेल नव्हतू," आबा धापा टाकत म्हणाले. "सांगी राहिंतू."

आमच्या गड्यांनी वरचा सांगाडा खोलून उतरवला आणि ट्रक तारेखालून रिकाम्या डोक्यानं गेला. मग वायरमनला निरोप गेला आणि त्यानं लाइन चालू केली. लग्न तासभर उशिरा लागलं. वायरमनला दुसरं पान वाढलं ते मुलीच्या बापानं स्वतः, आणि समोर बसून वाढलं.

ठरल्याप्रमाणे आठ दिवसांनी नवा खांब आला. तो उभा राहताना पाहायला आबा डबा बांधून एसटीनं गेले आणि दिवसभर तिथे बसले. तारा ताणून वर गेल्यावरच उठले.

तो व्हिडिओ मात्र कुठल्या कुठे गेला. त्यात तार दिसत नाही. नुसता एक म्हातारा आणि एक फेटेवाला, आणि म्हाताऱ्याची नजर आभाळाला लागलेली. लोकांना वाटतं, केवढा रंगलाय. पुढे दोन वर्षं लोक मांडव ठरवताना विचारायचे, आबा नाचतील का? आबा म्हणायचे, "नही. मांडव पाहिजे तं सांगा." पण गुडघ्यानं तेव्हापासून त्यांना दगा दिला, तो दिलाच. हळूहळू त्यांनी काम गड्यांच्या हाती सोपवलं. मीही जळगावला दुकान टाकलं.

गेल्या दिवाळीनंतर अमळनेरला गेलो होतो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. आबा ओसरीत पाय लांब करून बसले होते, अक्का समोर सुपात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. इकडचं तिकडचं झालं. गुडघ्याचा विषय निघाला, तसं मला राहवलं नाही. म्हणालो, "आबा, त्या दिवशी मी पारावरून किती हात हलवले. तुम्हाला दिसलंच नाही. दिसलं असतं तर दोन गाणी वाचली असती, आणि गुडघाही."

"दिसनं व्हतं," आबा म्हणाले.

"मग?"

आबा क्वचितच करत ते त्यांनी केलं, म्हणजे मान खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. "आमनं लगन व्हयनं ते भाऊ गया त्याना तीन महिनामा. वाजा नही, वरात नही, काही नही. पाच मानसंस्मा उरकं." मग त्यांनी अक्कांकडे बोट केलं. "मी थांबनारच व्हतू. पन हिनाकडे देखं. हिनी बोट वर करं, आनखी एक."

अक्का शेंगा सोलतच होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक नही. दोन बोटं करेल व्हतात मी."